बिस्किटाच्या पाकिटावर आमच्या घरचा नंबर

माझे सासरे बिस्किटांच्या कारखान्यात तारखा मारायचे. लग्न ठरताना हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोर्टात काहीतरी असतील. तसं नव्हतं. बिस्किटांचं पाकीट बंद होऊन पट्ट्यावरून पुढे सरकलं की त्याच्या पाठीवर 'या तारखेच्या आत वापरा' असं काळ्या शाईत उमटतं. ते उमटवणारं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. सकाळी तारीख बदलायची, शाई भरायची, यंत्राचं तोंड स्पिरिटने पुसायचं आणि मग दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं, की आकडे नीट उमटताहेत ना, कुठे फिसकटत तर नाहीत ना. कारखान्यात त्यांना सगळे तारीखमामा म्हणत. मालकसुद्धा.

घरीही त्यांचा हात शिवशिवायचा. नवा बल्ब लावला की त्याच्या बुडाशी बारीक अक्षरात तारीख. औषधाची बाटली फोडली की झाकणावर तारीख. दात घासायचा ब्रश, चहाची गाळणी, पायपुसणं, कशाचीही सुटका नव्हती. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला आठवडाभर मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहत नव्हते.

एकूण माणूस नाकासमोर चालणारा. अशा माणसांचं कौतुक बाहेरचे करतात आणि त्रास घरच्यांना होतो.

आता आमच्या फोनबद्दल सांगायला हवं. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना आमच्याकडे खिडकीशी वायरवाला फोन आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत सासूबाई. भाजी निवडणं, काजेबटणं, पेपर, दुपारची डुलकी, सगळं त्या खुर्चीत. पहिली घंटा संपायच्या आत त्या उचलतात. फोनवर कुणी लांबण लावलेली त्यांना खपत नाही. मी माझ्या आईशी बोलत असले तर समोर येऊन नुसत्या उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहिल्या की माझ्या आईलाही पलीकडे कसं कोण जाणे कळतं. एकदा रस्ता खणताना वायर तुटली. सासूबाई डबा घेऊन फोनच्या ऑफिसात गेल्या आणि लाइन जोडेपर्यंत तिथल्या माणसाच्या टेबलासमोरून हलल्या नाहीत.

तो म्हणाला, "आजी, आता कोण वापरतं हा फोन? काढून टाका की."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाला हाच नंबर पाठ आहे."

मुलगा म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभे होते तेवढेच. सासऱ्यांनीच त्यांना कारखान्यात, आपल्याच यंत्रावर, आपल्याच हाताखाली लावलं होतं. बापलेक एकाच सायकलवरून जायचे म्हणे. मग एके दिवशी जेवताना सासऱ्यांना मुलाची बोटं दिसली. तारीख मारणाऱ्याची बोटं जन्मभर काळी असतात, साबणाने जात नाहीत, आणि याची बोटं तर स्वच्छ. स्पिरिटने हात घासल्याशिवाय अशी होत नाहीत, आणि इतकं स्पिरिट यंत्राला लागत नाही.

मुलाने लपवलं नाही. दुकानांतून परत आलेला, तारीख उलटलेला माल होता. त्यावरची जुनी तारीख स्पिरिटने पुसून नवी मारायला कारखान्यातल्या एका साहेबांनी सांगितलं होतं. हे साहेब तेव्हा लहान साहेब होते. थोरल्या दिरांनी त्यांचं नाव सांगितलं, आपण नाही म्हणायला हवं होतं हेही सांगितलं. सासरे दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले आणि त्यांनी एवढंच सांगितलं, की माझ्या मुलाने जुन्या मालावर नवी तारीख मारली. साहेबांचं नाव घेतलं नाही. का, तर शिक्का साहेबांच्या हातात नव्हता, मुलाच्या हातात होता.

मुलाची नोकरी गेली. साहेबांना काही माहीतच नव्हतं, असं साहेबांनी मालकांना सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं. फक्त इथे फाशी द्यायला संन्याशाचा बापच गेला होता. थोरले दीर घरी आले, पिशवीत चार कपडे भरले आणि दारात म्हणाले, "दोन नावं होती बाबा. तुम्ही एकच सांगितलंत." त्यानंतर त्यांच्या एका मित्राकडून निरोप आला, की मी बरा आहे, शोधायला येऊ नका. सासरे म्हणाले, तो हरवलेला नाही, गेलाय. यायचं तेव्हा येईल. सासूबाईंनी खुर्ची ओढून फोनजवळ घेतली.

ही हकीकत मला नवऱ्याने लग्नानंतर सांगितली तेव्हा मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. मी त्यांना चहा द्यायचे, पण कप जरा आपटून ठेवायचे. त्यांना ते कधी कळलं असेल असं वाटत नाही. कपावर तारीख मात्र होती.

मग तो कायदा आला.

कायदा शहाण्या माणसाने केलेला होता. ज्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात माल विकून पैसा केला, त्यानेच रिकामी पाकिटं परत गोळा करायची आणि त्यांचं पुन्हा काहीतरी करायचं. खाणाऱ्याच्या किंवा झाडूवाल्याच्या गळ्यात ती मारायची नाहीत. इतकी सरळ गोष्ट इतकी वर्षं कुणाला कशी सुचली नाही, असं वाटावं. त्यासाठी प्रत्येक कंपनीने एक जबाबदार माणूस नेमायचा होता आणि लोकांनी कुठे फोन करायचा तो नंबर पाकिटावर छापायचा होता.

साहेब आता मोठे साहेब झाले होते. त्यांनी सासऱ्यांना बोलावलं.

"मामा, एक जबाबदारीचं पद आलंय. तुमच्याइतका जबाबदार माणूस मला तरी दिसत नाही. पगार आहे तोच. काम काही नाही."

सासऱ्यांना उभ्या आयुष्यात बढती मिळालेली नव्हती. त्यांनी होकार दिला. कागदावर त्यांचं नाव लिहून झालं. पुढे लिहिलं होतं, 'नेहमी उचलला जाईल असा फोन'. सासऱ्यांनी त्यावर विचार केला, आणि इथे सगळं बिनसलं. कारखान्याचा फोन गेटवर वाजतो आणि गेटवाला चहाला गेलेला असतो. स्वतःचा मोबाइल खुंटीवरच्या पँटच्या खिशात असतो. सासऱ्यांच्या माहितीत अख्ख्या जगात एकच फोन असा होता की जो वाजला की उचलला जातोच. त्यांनी तो नंबर लिहिला. साहेबांनी न वाचता सही केली. न वाचता सही करूनच ते मोठे साहेब झाले होते.

नवी पाकिटं छापून आली तेव्हा सासऱ्यांनी एक घरी आणलं आणि सासूबाईंना कौतुकाने दाखवलं.

"अहो, हा आपला नंबर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो. घरचाच दिलाय."

"घरचा का?"

"तू उचलतेस म्हणून."

माझा नवरा म्हणाला, "बाबा, ही पाकिटं कुठे कुठे जातात माहीत आहे ना?"

"म्हणून तर उचलला गेला पाहिजे," सासरे म्हणाले.

पहिला फोन एका बाईंचा आला. तुमचं पाकीट माझ्या गटारात अडकलंय आणि पाणी अंगणात आलंय, म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, चुकीचा नंबर लागलाय. "पाकिटावरचाच लावलाय, ते हातात धरूनच बोलतेय," बाई म्हणाल्या. संध्याकाळी सासरे कामावरून आले, त्यांनी निरोप ऐकला, कापडी पिशवी आणि काठी घेतली आणि सायकलवरून गेले. पाकीट घेऊन आले. नळाखाली धुतलं, दोरीवर माझ्या ओढणीशेजारी चिमट्याने अडकवलं. मी ओढणी काढून घेतली.

साहेबांची अपेक्षा होती की पाकिटावरचं कोण वाचतं. पण माणसाला तक्रार करायला नंबर मिळाला आणि पलीकडून कुणीतरी खरंच उचलतंय हे कळलं, की बातमी वाऱ्यासारखी पसरते. फोन सुरू झाले. बाग झाडणारे, शाळेतल्या बाई, बसचा वाहक, एक वकील. बिस्किटं मऊ लागली म्हणून एक, फार कडक लागली म्हणून दुसरा. एक माणूस रोज संध्याकाळी नुसता शिव्या द्यायला फोन करायचा. सासूबाईंनी त्याला एकदा विचारलं, "जेवलात का?" तेव्हापासून तो शिव्या न देता फोन करायला लागला, आणि ते जास्त लांबायचं.

जवळपासचं असेल तर सासरे स्वतः जायचे, लांबचं असेल तर पाकिटं धुऊन कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, टपाल कंपनी भरेल, असं सांगायचं ठरलं. ठरलं म्हणजे सासऱ्यांनी ठरवलं. जागेवर गेले की ते आपल्या कंपनीची पाकिटं तेवढी वेचायचे. शेजारी दुसऱ्या कंपन्यांचा ढीग पडलेला असायचा, लोक म्हणायचे, "आलाच आहात तर हेही न्या."

"त्यांच्या माणसाला फोन करा," सासरे म्हणायचे.

"त्यांचा कुणी उचलत नाही."

"मग करत राहा."

आमची गॅलरी भरली. जिन्याखालची जागा भरली. सासरे भंगारवाल्याकडे गेले, तर तो हसत सुटला. "मामा, बाटली आणा, डबा आणा, तुटकी बादली आणा. हे आतून चकचकीत पाकीट कोण घेणार? दोन थर एकमेकांना चिकटवलेत, सुटे होत नाहीत. वितळायला घातलं तर सगळी भट्टी खराब." सासरे पोतं उचलून परत आले. त्या पोत्यातल्या प्रत्येक पाकिटावर त्यांनीच तारीख मारलेली होती. बिस्किटं कधी संपणार हे त्यांनी जन्मभर लिहिलं, आणि पाकीट कधी संपणार हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे ते स्वतःच म्हणाले. त्यांनी इतकं लांब वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या दिवशी चहाचा कप मी नीट ठेवला.

पण घरात खरा प्रश्न पाकिटांचा नव्हता. खरा प्रश्न सासूबाई रोज विचारत होत्या.

"आणि नेमका त्याच वेळी त्याने फोन केला तर?"

सासरे दोरीवरची पाकिटं काढायला लागायचे.

"एंगेज लागेल. एकदा लागेल, दोनदा लागेल. तिसऱ्यांदा करेल तो? तुमचाच मुलगा आहे, तिसऱ्यांदा नाही करणार. म्हणेल, आई कुणाशीतरी गप्पा मारतेय."

सासूबाई रडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या भांडी घासतात. त्या दिवसांत आमच्या घरातली भांडी आरशासारखी झाली होती. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "इतकी वर्षं मी एक वायर सांभाळलीय. ती तुम्ही गावाला वाटलीत. आपला नंबर त्या पाकिटावरून काढून आणा, नाहीतर मी माझी खुर्ची उचलून फोनच्या ऑफिसात नेते."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. नंबर देताना हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन कायम उचलला जातो एवढं त्यांना माहीत होतं. का उचलला जातो, हे ते विसरले होते. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे.

ते साहेबांकडे गेले. साहेबांच्या तोपर्यंत नाकी नऊ आले होते. टपालाने पोत्यांवर पोती येत होती आणि गेटवाला ती 'जबाबदार माणसा'च्या नावाने उतरवून घेत होता. बॉयलरमागची शेड भरली होती. नंबर काढायला साहेब एका पायावर तयार होते, पण काढता येत नव्हता. पाकिटाची फिल्म छापतात ती पोलादी सिलिंडरवरून, आणि नंबर त्यावर कोरलेला. नवा सिलिंडर करायचा तर खर्च, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे छापून आलेल्या फिल्मचे रोल गोदामात छतापर्यंत रचलेले होते. मालक म्हणाले, ते संपेपर्यंत हाच नंबर.

तेव्हा सासूबाईंनी दुसरा मार्ग काढला. बोलणं छाटलं. फोन उचलला की, "पाकिटं किती? पत्ता सांगा. माणूस येईल." पत्ता त्या मोठ्याने परत म्हणायच्या, म्हणजे सासरे घरात असतील तर त्यांच्या कानावर पडेल, नसतील तर मी लक्षात ठेवायचे. आणि ठक्‌कन रिसीव्हर खाली. शिव्यावाल्याला सुद्धा त्यांनी फक्त 'जेवा' म्हणून ठेवायला सुरुवात केली. फोन ठेवल्यावर मात्र हात त्यावरच राहायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी माझ्या नवऱ्याला ओरडायचे. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो जवळ असायचा.

पोत्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. सासऱ्यांनी विचारत विचारत एक जागा शोधून काढली, जिथे असली न सुटणारी पाकिटं बारीक कापून, तापवून, दाबून त्यांचे जाड तक्ते करत. कंपनीचा ट्रक त्यांनी मागितला. साहेब नाही म्हणाले. मग सासऱ्यांनी शेडमधली पोती मालकांच्या गाडीच्या जागेवर रचायला घेतली, शेडमध्ये जागा नाही म्हणून. ट्रक मिळाला. सासरे स्वतः ट्रकमध्ये बसून गेले आणि दिवसभर तिथे उभे राहिले. येताना तक्त्याचा एक चौकोनी तुकडा घेऊन आले. करडा, आत रंगीत ठिपके, आणि नीट पाहिलं तर एका कोपऱ्यात तारखेचा अर्धा आकडा. सासूबाईंनी तो फोनखाली ठेवला. म्हणाल्या, "एवढा घोळ घातलात, निदान फोन डुगडुगायचा तरी थांबला."

मग तपासणीला सरकारी अधिकारी आल्या. इतर कंपन्यांत त्यांना छान छान कागद दाखवले होते. इथे साहेब त्यांना शेडपर्यंत जाऊ देत नव्हते आणि त्या गेल्या. ट्रक गेल्यावर पुन्हा साचलेला पोत्यांचा डोंगर पाहून त्यांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?" साहेबांनी तत्परतेने सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "हे. कागदावर यांचंच नाव आहे."

पुढचं सासऱ्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. सांगताना ते ताटाकडे बघत होते.

"मी म्हणणार होतो, मीच. तोंडापर्यंत आलं होतं. मग माझी बोटं दिसली. शाई होती. म्हटलं, बाई, माझ्या हातात फक्त एवढी शाई आहे. हे पाकीट न सुटणाऱ्या थरांचं करायचं हे मी ठरवलं नाही. साहेबांनी ठरवलं, मालकांनी मंजूर केलं, विकून पैसे त्यांनी घेतले. मी वेचतोय, मी वेचीन. पण नावं लिहायची तर तिन्ही लिहा. आणि पहिलं माझं लिहू नका."

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. अधिकारी बाईंनी तिन्ही नावं लिहून घेतली होती.

सासूबाई वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "हे तेव्हा का नाही बोललात?"

सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, ज्याच्या हातात शिक्का, त्याचाच दोष. तेवढंच मला कळत होतं."

"आणि आता?"

"आता माझ्या हातात शिक्का दिला ना त्यांनी."

ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ खूप वेळ चालू होता. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो राग होता, तो त्या दिवशी सगळा गेला असं म्हणणं खोटं होईल. बराचसा गेला.

कंपनीला दंड झाला. पुढच्या पाकिटांसाठी एकाच थराची फिल्म आणायचं मालकांनी मान्य केलं. सिलिंडर बदलायचेच होते, तेव्हा नंबरही बदलला. आता तिथे एका एजन्सीचा नंबर आहे आणि फोन लावला की गाणं ऐकू येतं. साहेब मोठे साहेबच राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही जळला नव्हता. सासऱ्यांचं जबाबदारीचं पद काढून घेण्यात आलं आणि काही दिवसांनी ते रीतसर निवृत्त झाले. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी त्याच्या पाठीवर तारीख टाकली.

जुनी पाकिटं दुकानांतून संपत गेली तसे फोनही कमी झाले. आधी दिवसाला मोजके, मग एखादा, मग एकही नाही. शिव्यावाल्याने शेवटचा फोन करून नीट निरोप घेतला. लाइन मोकळी झाली, सासूबाईंना हवी होती तशी, आणि मग कळलं की मोकळी लाइन जास्त वाईट असते. पूर्वी निदान 'एंगेज लागत असेल' असं म्हणता यायचं.

त्या दुपारी माझी सुट्टी होती. सासरे दाराशी सायकलची चेन पुसत होते. फोन वाजला, सासूबाईंनी उचलला आणि सवयीने म्हणाल्या, "पाकिटं किती?"

मग त्या थांबल्या. मी त्यांच्या पाठीमागे कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांची पाठ एकदम ताठ झालेली मला दिसली. पलीकडचा आवाज फोनमधून बारीक ऐकू येत होता, पुरुषाचा, अडखळत बोलणारा.

"एकच आहे," तो म्हणाला. "रिकामं."

सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांनी 'कोण बोलतंय' असं विचारलं नाही. नाव घेतलं नाही. मला वाटतं, त्या घाबरल्या होत्या, की काही वेगळं बोललं तर तो ठेवून देईल. जे बोलायची सवय होती तेच त्या बोलल्या.

"कुठे मिळालं?"

"घरातच. मुलीने बिस्किटं खाल्ली. तिला नवीन वाचता येतंय, दिसेल ते मोठ्याने वाचते. पाकिटावरचा नंबर वाचत होती. मी आत दाढी करत होतो."

"मुलगी केवढी आहे?" हे नेहमीच्या प्रश्नांत नव्हतं, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पहिलीत आहे."

सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले. "पत्ता सांगा," म्हणाल्या.

त्याने सांगितला. त्यांनी तो नेहमीसारखा मोठ्याने परत म्हटला. गाव म्हटलं, रस्ता म्हटला, कुठल्या दुकानावर, कुठला मजला, जिना मागून आहे, सगळं. एक शब्द सुटला नाही. दाराशी चेन पुसायचा आवाज थांबला. सासरे आत आले. हातात तेलाचं फडकं तसंच होतं. कुणाचा फोन हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाईंकडे एकदा पाहिलं, पुरे झालं.

पलीकडून आवाज आला, "पण पाकीट जुनं आहे. बरेच महिने झाले. ठेवून दिलं होतं मी. तारीखसुद्धा उलटून गेलीय."

सासूबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, तारीख उलटून गेलीय म्हणतो."

माझ्या सासऱ्यांनी घरात तारीख उलटलेली खोकल्याची गोळीसुद्धा कधी ठेवू दिली नव्हती.

"चालेल म्हणावं," ते म्हणाले. आणि मग, सासूबाई बोलायच्या आत, पुढे वाकून रिसीव्हरच्या तोंडाशी स्वतःच म्हणाले, "चालेल. मी येतो."

फोन कुणीच ठेवला नाही. शेवटी पलीकडून एका लहान मुलीने विचारलं, "बाबा, कोण आहे?" आणि मग लाइन बंद झाली.

दोघंही लगेच निघाली. सासूबाईंनी फोनजवळच्या खुर्चीत मला बसवलं आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. सासऱ्यांनी खुंटीवरची तीच कापडी पिशवी घेतली. मी म्हटलं, बस किती वाजता आहे ते तरी विचारा. ते म्हणाले, स्टँडवर कळेल. हे ऐकून मला भोवळ यायची बाकी राहिली होती.

दोघं आठवड्याने परत आली. सासूबाई थोरल्या सुनेच्या हाताला चव नाही म्हणाल्या, म्हणजे सून पसंत होती. माझ्याबद्दलही त्या हेच सांगत असतात. बापलेकांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, की पहिले दोन दिवस दोघं बोललेच नाहीत, नुसते नातीला शाळेत सोडायला आणि आणायला एकत्र जात होते, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहून सासरे म्हणाले, "दोन नावं होती. मी एकच सांगितलं. चूक माझी." थोरले दीर म्हणाले, आत चला, चहा निवेल.

मी सासऱ्यांच्या हातातली पिशवी घेतली. रिकामी होती.

"पाकीट कुठाय?" मी विचारलं.

"तिकडेच राहिलं."

"बाबा, त्या एका पाकिटासाठी तर तुम्ही गेला होतात. कायद्याने ते तुम्हीच आणायचं."

सासरे चपला काढत होते. "तो घेऊन येणार आहे," म्हणाले. "पुढच्या महिन्यात. सगळ्यांना घेऊन."

मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेले आणि खिशातलं पेन काढून बराच वेळ नुसते उभे राहिले. मी विचारलं, कुठली तारीख लिहू म्हणून अडलात का? ते म्हणाले नाही, आणि पेन परत खिशात ठेवलं. सासूबाई तोपर्यंत खुर्ची फोनपासून उचलून जेवणाच्या टेबलाकडे नेत होत्या, कारण आता तिथे खुर्च्या कमी पडणार होत्या.